मेट्रो २०३३: खेळायच्या आधी आणि खेळता-खेळता विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी ओळखीच्या प्रत्येकाला आग्रह करकरून हा गेम खेळायला लावतोय. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधले कामावरचे सोबती, राजारामपुरीतले कॉलेजचे मित्र, पन्हाळ्याला बरोबर येणारी पोरं, धाकटी आतेबहीण. खेळायला बसले की अर्ध्या तासात फोन येतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते इथं एका जागी लिहून ठेवतोय. कथेतली वळणं शक्यतो फोडलेली नाहीत. जिथं थोडं फोडावं लागलंय, तिथं आधी तसं सांगितलंय.

हे नेमकं आहे तरी काय?

फर्स्ट पर्सन शूटर. पडद्यावर आपले हात आणि हातातलं हत्यार एवढंच दिसतं, बाकी सगळं जग त्या माणसाच्या डोळ्यांनी बघायचं. युक्रेनच्या कीव शहरातल्या फोर-ए गेम्स या स्टुडिओनं हा गेम केला आणि तो मार्च २०१० मध्ये आला. गोष्ट मॉस्कोची. २०१३ मध्ये अणुयुद्ध झालंय आणि त्याला वीस वर्षं उलटलीत. वर जमिनीवर हवा विषारी, बर्फ, पडक्या इमारती आणि रूप पालटलेली जनावरं. वाचलेली माणसं भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत राहतात. एकेक स्टेशन म्हणजे एकेक गाव, आणि दोन स्टेशनांमधलं भुयार म्हणजे रात्रीचा घाट.

आपण असतो आर्त्योम. टोकाच्या एका स्टेशनात वाढलेला तरुण पोरगा. त्याच्या स्टेशनावर ‘डार्क वन्स’ नावाच्या अनोळखी जीवांचं सावट आलंय. हंटर नावाचा एक लढवय्या त्यांच्या मागावर जातो, आणि जाताना आर्त्योमला सांगून जातो, मी परत आलो नाही तर पोलिसला निरोप पोचव. (पोलिस हे स्टेशनाचं नाव आहे, खाकीशी संबंध नाही. हा प्रश्न मला चार जणांनी विचारलाय.) तो परत येत नाही. गेम म्हणजे तो निरोप पोचवायचा प्रवास.

मला गोळीबाराचे गेम आवडत नाहीत. तरी खेळू काय?

जरूर. माझ्या आतेबहिणीनं त्याआधी एकही शूटर खेळला नव्हता. तिनं सगळ्यात सोप्या पातळीवर सुरू केला आणि आठ दिवसांत संपवला.

लोक ‘वातावरण, वातावरण’ म्हणतात. एवढं काय आहे त्यात?

इथं मी जरा सविस्तर लिहितो, कारण सगळा गेम याच्यावरच उभा आहे.

पहिल्याच स्टेशनात तुम्ही खोलीतून बाहेर पडता. अरुंद बोळ, दोन्ही बाजूला पत्र्याच्या आणि फळ्यांच्या खोल्या, पिवळे मिणमिणते बल्ब. दवाखान्यात जखमी माणसं खाटांवर कण्हतायत. कुणीतरी गिटार वाजवतोय. एक बाई पोराला रागावतेय. दोन म्हातारे युद्धाआधीच्या दिवसांबद्दल बोलतायत. बाण पुढे जायला सांगतो, आणि तुम्ही पुढे गेलात तर गेम तुम्हाला अडवत नाही. पण थांबलात तर ते बोलणं पुढे चालू राहतं. पडद्यावर ‘इथं थांबा’ असं कुठंही येत नाही. थांबायचं की नाही हे तुमच्यावर.

पहिल्यांदा खेळलो तेव्हा मी या सगळ्यातून धावत गेलो होतो. बंदूक कधी मिळते एवढंच डोक्यात. दुसऱ्यांदा खेळलो तो २०१९ च्या महापुरानंतर, आणि तेव्हा मला हा गेम खरा कळला.

ऑगस्टचे ते दिवस कोल्हापुरात कुणी विसरणार नाही. पंचगंगेनं धोक्याची ४३ फुटांची पातळी कधीच मागं टाकली होती, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, दूध नाही, पेट्रोल नाही. मी शाहूपुरीत आत्याकडं वरच्या मजल्यावर अडकलो होतो. लाईट गेलेली, फोन बंद. रात्री गल्लीत पाण्याचा चुबुक चुबुक आवाज, आणि अंधारात एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर चाललेलं बोलणं. माणसं दिसायची नाहीत, नुसते आवाज. ‘म्हातारी जेवली काय?’ ‘बीपीच्या गोळ्या किती राहिल्यात?’ ‘तीन.’ ‘मग उद्या एकच दे.’ पलीकडं कोण तरी बारक्या पोराला गोष्ट सांगत होतं, आणि आजूबाजूच्या तीन घरांनी ती गोष्ट गप्प बसून ऐकली.

दोन महिन्यांनी हेडफोन लावून परत मेट्रो सुरू केला, तर त्या बोळात मी आपोआप थांबलो. आवाज तेच होते. औषध किती उरलं, कोण परत आलं नाही, पोराला काय सांगायचं. मॉस्कोतल्या भुयाराची गोष्ट कीवमध्ये बसून लिहिणाऱ्या माणसांना हे कसं काय इतकं नेमकं ठाऊक होतं, ते मला आजही नवल वाटतं.

म्हणजे नुसतं चालायचं आणि ऐकायचं?

नाही, नाही. भुयारात लढायला लागतं, आणि चांगलंच लागतं. पण दोन स्टेशनांमधली लढाई एवढी अंगावर येते, त्याचं कारण तुम्ही आत्ताच ज्यांचं बोलणं ऐकलंय ती माणसं तुमच्या मागं आहेत.

गोळ्या हेच पैसे असं ऐकलं. कसं?

युद्धाआधी कारखान्यात बनलेल्या लष्करी गोळ्या आता कुणी बनवू शकत नाही. त्यांना जोर जास्त, म्हणून सगळ्या मेट्रोत चलन तेच. भुयारात घरगुती बनवलेल्या मळक्या गोळ्याही मिळतात, त्या रोजच्या वापराला. अडचणीत सापडलात तर बंदुकीत लष्करी गोळ्या भरू शकता, पण मग प्रत्येक चापाला तुम्ही रोकड उडवताय. समोरून तीन जनावरं येतायत, मळक्या गोळ्या संपल्यात, आणि खिशात पुढच्या स्टेशनावर मास्कचे फिल्टर घ्यायला जपून ठेवलेले पैसे आहेत. बाजारात भाजी घेताना होते तशी घालमेल बंदूक हातात असताना होते. दुसऱ्या कुठल्या शूटरमध्ये मला हे सापडलं नाही.

बंदुका कशा आहेत? भारी?

मी लेथवर आणि सीएनसीवर दिवस काढणारा माणूस, त्यामुळं मला या बंदुकांबद्दल विशेष जिव्हाळा आहे. निम्म्या बंदुका भुयारातल्या वर्कशॉपमध्ये पाइप, स्प्रिंग आणि भंगारातून जुळवलेल्या. ‘बास्टर्ड’ नावाची एक ऑटोमॅटिक आहे, ती जास्त वेळ चालवली की तापते आणि बंद पडते. वेल्डिंगच्या खुणा दिसतात, मॅगझिन आडवं सरकतं. उद्यमनगरात कुणाला कागदावर चित्र काढून दिलं असतं तर त्यानं अशीच करून दिली असती.

माझी आवडती ‘तिखार’. हवेच्या दाबावर चालणारी, स्टीलचे बेअरिंगचे छर्रे मारणारी. हातानं पंप मारायचा, दाबाचा काटा वर चढतो, आणि मगच मारायची. गरजेपेक्षा जास्त पंप मारला तर जादाची हवा सुसकारत निघून जाते. आवाज कमी, त्यामुळं लपूनछपून जायला उत्तम. टॉर्चचंही तसंच: हातातला चार्जर दाबत राहायचा, काटा चढला की उजेड वाढतो, मग हळूहळू परत मंद होत जातो. अंधारात उभं राहून चार्जर दाबायचा तो कर्र-कर्र आवाज माझ्या कानात बसलाय.

मास्कचं गणित समजत नाही. सारखा गुदमरून मरतोय.

वर जमिनीवर आणि काही भुयारांत हवा विषारी आहे. मास्क घालायचा, फिल्टर ठरावीक वेळ टिकतो, आणि तो वेळ पडद्याच्या कोपऱ्यात न दाखवता आर्त्योमच्या डाव्या मनगटावरच्या घड्याळात दाखवलाय. हात वर करून बघायचं. फिल्टर संपत आला की श्वास जड होतो. मार बसला की काचेला तडे जातात. फुटायला आला तर पडलेल्या मृतदेहांकडं बघा, एखाद्याच्या तोंडावर चांगला मास्क असतो, तो बदलून घ्या. त्याच घड्याळातला दिवा तुम्ही उजेडात आहात की अंधारात ते सांगतो. ‘रीडक्स’ या २०१४ च्या सुधारित आवृत्तीत तो निळा आहे: पेटला म्हणजे तुम्ही दिसताय.

वर जायच्या आधी पैसे बंदुकीवर उधळू नका. फिल्टर घ्या.

लायब्ररीत अडकलोय. ते राखाडी राक्षस चार फटक्यांत मारतात. काय करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. (ही जागा गेमच्या उत्तरार्धात आहे. तिथवर आला नसाल तर हे उत्तर सोडा.)

मॉस्कोच्या मोठ्या ग्रंथालयात ‘लायब्रेरियन’ नावाचे जीव आहेत. त्यांना गोळ्यांनी मारायला गेलात तर गोळ्या संपतात, ते संपत नाहीत. उपाय असा की बंदूक खाली ठेवायची, त्याच्याकडं तोंड करून उभं राहायचं आणि थेट डोळ्यांत बघायचं. नजर हटवायची नाही, पाठ फिरवायची नाही. तो अंगावर येईल, गुरगुरेल, इतका जवळ येईल की पडदा भरून जाईल. जास्तच जवळ आला तर तोंड त्याच्याकडंच ठेवून एकेक पाऊल मागं सरा. थोड्या वेळानं तो वळून निघून जातो.

राधानगरीकडचे आमचे मामा गव्याबद्दल अगदी हेच सांगतात. दाजीपूरच्या जंगलात वाटेवर गवा उभा दिसला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, अंगावर तर मुळीच जायचं नाही. गप्प उभं राहायचं, सावकाश मागं व्हायचं आणि त्याला त्याची वाट द्यायची. मी लायब्ररीत पहिल्यांदा सुटलो ते मामांचं बोलणं आठवून.

भीती वाटते का खूप?

वाटते. पण अचानक अंगावर उडी मारून दचकवणारी भीती थोडी आहे. खरी भीती हळू चढणारी. पन्हाळ्याच्या अंधारबावीत पायऱ्या उतरताना बाहेरचा उजेड मागं राहतो, गारवा लागतो आणि आपल्याच पावलांचा आवाज दुसऱ्याचा वाटायला लागतो, तशी.

खान नावाच्या माणसाबरोबर एका भुयारातून जायचंय, ते मी कधी विसरणार नाही. तिथं मेलेल्यांच्या सावल्या आहेत. टॉर्चचा झोत भिंतीवर पडला की चालणाऱ्या माणसांच्या सावल्या उमटतात, आणि झोताच्या वाटेत मात्र कुणीच नसतं. खान त्यांना घाबरायला सांगत नाही. त्यांचा मान ठेवून, धक्का न लावता पुढं जायला सांगतो. त्या पूर्ण प्रसंगात मी एकही गोळी मारली नव्हती, आणि तळहाताला घाम होता.

शेवट दोन आहेत म्हणे. चांगला शेवट कसा मिळवायचा?

शेवटात नेमकं काय होतं ते सांगत नाही, पण वाट सांगतो.

गेम आतल्या आत तुमचा हिशोब ठेवत असतो. कुठंही आकडा दिसत नाही, पट्टी दिसत नाही. अधूनमधून पडदा क्षणभर उजळतो आणि एक हलका आवाज येतो, बस्स. भिकाऱ्याला एक गोळी दिली की तसं होतं. एका पडक्या स्टेशनावरून सुटलेल्या लहान पोराला पाठीवर घेऊन त्याच्या आईकडं पोचवता, तेव्हा ती आई बक्षीस म्हणून गोळ्या पुढं करते. ते घेतलं नाही तर तसं होतं. (पोरगं पाठीवर असताना बंदूक जड होते, वळायला वेळ लागतो. ते वजन हाताला खरोखर जाणवतं.) आणि कितीतरी ठिकाणी नुसतं उभं राहून दोन माणसांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, एवढ्यानंच तो उजेड येतो.

असे क्षण पुरेसे जमले, तर अगदी शेवटी तुमच्यासमोर एक निवड येते. नाही जमले तर ती येतच नाही, गोष्ट सरळ एका दिशेनं जाते आणि दुसरी वाट होती हे तुम्हाला कळतही नाही. हंटर सुरुवातीला शिकवतो, समोरचा शत्रू असेल तर मारायचं. सगळा गेम तुम्हाला एकच विचारत राहतो, तो शत्रूच आहे हे तुला कुणी सांगितलं? थांबून ऐकलंस काय? डार्क वन्सबद्दलही तेच. म्हणून ‘चांगल्या शेवटासाठी कुठं कुठं काय दाबायचं’ अशी यादी मी कुणालाही देत नाही. सावकाश खेळा.

माझ्या लॅपटॉपवर चालंल काय?

बहुतेक चालेल. २०१४ मध्ये आलेली ‘रीडक्स’ आवृत्ती घ्या. ती मूळ गेमपेक्षा सुबक आहे, चोरपावलांनी जाण्याची सोय जास्त चांगली आहे, आणि किमान गरज २ जीबी रॅम व १० जीबी जागा एवढीच आहे. आजच्या साध्या ग्राफिक्स कार्डवर छान चालतो. सेलची वाट बघितलीत तर फारच स्वस्तात मिळतो. हेडफोन मात्र चांगला हवा, त्यात काटकसर नको.

इंग्रजीत खेळू की रशियन आवाजात?

पहिल्यांदा इंग्रजीत, कारण स्टेशनातली कुजबूज कळली पाहिजे. दुसऱ्यांदा रशियन आवाज लावा. शब्द कळले नाहीत तरी सूर कळतो, आणि आता कोण काय म्हणतंय हे तुम्हाला ठाऊक असतं.

माझा मुलगा सातवीत आहे. त्याला देऊ का?

नको. युरोपात याला १८ वर्षांवरचं आणि अमेरिकेत १७ वर्षांवरचं मानांकन आहे, आणि ते योग्यच आहे.

मित्रांबरोबर ऑनलाइन खेळता येतो?

नाही. एकट्यानं, रात्री.

यात काहीच उणं नाही का?

आहे. मूळ २०१० च्या गेममध्ये लपून जाणं फार बेभरवशाचं होतं. एक शिपाई जागा झाला की सगळ्या भुयाराला तुमचा पत्ता कळायचा. रीडक्समध्ये ते बरंच सुधारलं. शेवटाकडं डी-सिक्स या जुन्या लष्करी तळावर हिरवट चेंडूंसारखे जीव भराभर अंगावर येतात, ती जागा मला आजही आवडत नाही. तिथं ऐकायला काही नाही, नुसतं मारत सुटायचं. दात-ओठ खाऊन पार करा, पुढचा मनोरा त्याची भरपाई करतो.

हे केलं कुणी?

गोष्ट मुळात दिमित्री ग्लुखोव्स्की या रशियन लेखकाची. त्यांनी ती कादंबरी आधी इंटरनेटवर लोकांना फुकट वाचायला दिली, मग २००५ मध्ये ती छापून आली. गेम करणारे मात्र युक्रेनचे. त्यांच्या अडचणींबद्दल त्यांच्या आधीच्या अमेरिकी प्रकाशक कंपनीचे माजी अध्यक्ष जेसन रुबिन यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे लिहिलं होतं. दुसरा भाग करताना ही मंडळी घडीच्या खुर्च्यांवर कोपराला कोपर लावून बसायची, वीज जायची, आणि बजेट मोठ्या प्रतिस्पर्ध्यांच्या जेमतेम दहा टक्के. आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर लावावं असं ते लिखाण आहे.

आणखी एक सांगायचं राहवत नाही. मॉस्कोची भुयारी रेल्वे १९३५ मध्ये सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धात लोकांनी तिच्यात बॉम्बपासून आसरा घेतला होता. गेममधले लोखंडी अवजड दरवाजेही खरे आहेत. पण २०२२ मध्ये रशियानं हल्ला केल्यावर ज्या शहरात हा गेम बनला, त्या कीवमधली माणसं पोरं-मांजरं घेऊन, फलाटावर सतरंज्या टाकून मेट्रो स्टेशनांत झोपली. ग्लुखोव्स्की यांनी युद्धाला उघड विरोध केला, तर २०२३ मध्ये मॉस्कोच्या न्यायालयानं त्यांना गैरहजेरीत आठ वर्षांची शिक्षा सुनावली. हे सगळं बातम्यांत वाचल्यापासून पहिल्या स्टेशनातला तो गिटारवाला मला वेगळा ऐकू येतो.

पुढचे भाग कुठल्या क्रमानं?

२०३३, मग २०१३ चा ‘लास्ट लाइट’, मग २०१९ चा ‘एक्सोडस’. एक्सोडसमध्ये भुयारातून बाहेर पडून ऑरोरा नावाच्या आगगाडीनं रशियाभर फिरायचं. तो मोठा आहे, देखणा आहे, आणि त्यातही गाडीच्या डब्यात सोबत्यांजवळ बसून नुसतं ऐकत राहावं असे लांब लांब प्रसंग आहेत. पण सुरुवात अंधारापासूनच करा, नाहीतर बाहेरच्या उजेडाची किंमत कळणार नाही.

गेम न खेळणाऱ्या घरच्या माणसांना यातलं काय दाखवावं?

लास्ट लाइटमधलं थिएटर स्टेशन. मी आईला तेच दाखवलं होतं.

तिथं एक माणूस दिव्यासमोर हातांच्या सावल्या करून पोरांना जनावरं दाखवतोय. तो पक्षी करतो, आणि पोरं ओरडतात ‘डीमन!’, कारण पंखांचं असं तेवढंच त्यांना ठाऊक आहे. भुयारातच जन्मलेली पोरं ती. तो न चिडता समजावतो, पुन्हा हात जुळवतो, दुसरं जनावर करतो. पोरं पुन्हा चुकतात.

आई भाजी निवडत बसली होती. तिला मी एकेक वाक्य मराठीत सांगत होतो. तिसऱ्या जनावरापर्यंत तिचा हात थांबला होता. म्हणाली, ‘चिमणी पण बघितली न्हाई व्हय रे ह्यांनी?’

मी म्हटलं, नाही.

‘मग थांब की जरा. जाऊ नकोस म्होरं. त्याला संपवू दे.’